समाजाच्या ताब्यातला दवाखाना: ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल आरोग्य सेवेत रुजू होणाऱ्या एका डॉक्टरला उत्तर

विचारणाऱ्या तरुण डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालं, ऑस्ट्रेलियातल्या परीक्षा झाल्या आणि आता न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातल्या एका अ‍ॅबोरिजिनल मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या दवाखान्यात, जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणून नोकरी मिळते आहे. 'कम्युनिटी कंट्रोल्ड' म्हणजे नेमकं काय? सरकारी रुग्णालयांशी यांची भागीदारी खरी असते की कागदावरची? पन्नास वर्षांत काही सुधारलं का? आणि बाहेरून आलेल्या माणसाचा तिथे काय उपयोग?

मी १९ वर्षं अशाच सेवांमध्ये जीपी आहे. आधी नॉर्दर्न टेरिटरीत होते, आता न्यू साउथ वेल्समध्ये आहे. नोकरी जरूर घ्या. पण घेण्याआधी 'ताबा' हा शब्द नीट समजून घ्या, कारण बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातून निघतात.

गावातल्या दूध संस्थेची वार्षिक सभा तुम्ही पाहिली असेल. सभासद खुर्च्यांवर बसलेले, चेअरमनच्या हातात अहवाल, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी उठून विचारतो की टँकरच्या भाड्यावर एवढा खर्च कसा झाला. या दवाखान्यांची रचना साधारण तशीच असते. स्थानिक अ‍ॅबोरिजिनल लोक सभासद असतात, ते आपलं संचालक मंडळ निवडतात, मंडळ सीईओ नेमतं आणि सीईओ डॉक्टरांना नेमतो. म्हणजे ज्या आजींचा रक्तदाब तुम्ही सकाळी मोजता, त्या संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत तुमच्या करारावर मत देणाऱ्या असू शकतात. मला पहिल्यांदा हे अवघड गेलं. आपल्याकडे डॉक्टर हा दवाखान्याचा मालक किंवा सरकारचा माणूस असतो. इथे डॉक्टर त्या समाजाचा नोकर असतो, आणि ही गोष्ट शोभेसाठी लिहिलेली नसते.

याची सुरुवात १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात झाली. साठच्या दशकात खेड्यापाड्यांतून आणि चर्चच्या मिशनांनी वसवलेल्या वस्त्यांवरून हजारो अ‍ॅबोरिजिनल कुटुंबं सिडनीत आली होती. आजारी पडलं तरी ती रुग्णालयात जायची नाहीत. न्यू साउथ वेल्सच्या कित्येक गावांत अ‍ॅबोरिजिनल बायकांची बाळंतपणं मुख्य वॉर्डात होऊ देत नसत, त्यांना वेगळ्या खोलीत किंवा व्हरांड्यात ठेवत. शिवाय सरकारी माणसांनी मुलं आईवडिलांपासून हिरावून नेण्याचे दिवस फार जुने झाले नव्हते. ज्या इमारतीतून मूल परत येईल की नाही याची खात्री नाही, त्या इमारतीत आई बाळाचा ताप दाखवायला कशी जाईल? रीजंट स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या गाळ्यात दवाखाना सुरू झाला. गॉर्डन ब्रिस्को, नर्स डल्सी फ्लॉवर, सगळ्यांच्या 'मम शर्ल' म्हणजे शर्ली स्मिथ, तरुण कार्यकर्ते गॅरी फोली आणि पॉल को, नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज अशी माणसं जमली. डॉक्टर दिवसाचं काम आटोपून विनामोबदला यायचे. नेओमी मेयर्स यांनी पुढे अनेक दशकं तो दवाखाना चालवला. १९७३ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये आणि मध्य ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये अशाच संस्था उभ्या राहिल्या. १९९२ मध्ये या सगळ्यांची राष्ट्रीय शिखर संस्था झाली, तिला 'नॅचो' म्हणतात. आज देशभर अशा १४० हून अधिक संस्था आहेत.

हे दवाखाने सरकारने काढून लोकांना दिलेले नाहीत. लोकांनी काढले आणि सरकारला नंतर पैसे द्यायला लावले. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा भिंतीवर जुने कृष्णधवल फोटो दिसतील. त्यांच्यासमोर दोन मिनिटं थांबा आणि त्यातली माणसं कोणाची कोण ते विचारा. रिसेप्शनवरची मुलगी बहुतेक त्यांच्यापैकी कोणाची तरी नात असेल.

आत गेल्यावर तुम्हाला जीपी क्लिनिकपेक्षा बरंच काही दिसेल. दातांचा विभाग, मानसिक आधार देणारे समुपदेशक, बाळंतिणींचा गट, व्यसनमुक्तीचं काम, पायांची काळजी घेणारा पोडायट्रिस्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे माणसं आणणारी-सोडणारी गाडी. रुग्णाला तुमच्याआधी अ‍ॅबोरिजिनल हेल्थ वर्कर किंवा हेल्थ प्रॅक्टिशनर भेटतो. प्रॅक्टिशनर हा २०१२ पासून डॉक्टर-नर्ससारखाच राष्ट्रीय नोंदणी असलेला व्यवसाय आहे. त्याला मदतनीस समजू नका. वर्षातून एकदा करायची ७१५ क्रमांकाची आरोग्य तपासणी असते, मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, तिचे पैसे देते. तीत साखर आणि किडनीइतकाच घराचा, झोपेचा, दुःखाचाही विचार होतो. दक्षिणपूर्व क्वीन्सलंडमधल्या शहरी संस्थांनी या तपासणीसाठी एक साधी युक्ती काढली. 'डेडली चॉइसेस' नावाच्या उपक्रमात तपासणी पूर्ण केली की खास रंगांची जर्सी मिळते, ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या रग्बी संघाशी त्यासाठी हात मिळवलेला आहे. तिथल्या बोलीत 'डेडली' म्हणजे एकदम भारी. ती जर्सी विकत मिळत नाही, त्यामुळे पोरं आईच्या मागे लागून तपासणीला येतात.

आरोग्य म्हणजे काय, याची या चळवळीची व्याख्या १९८९ च्या राष्ट्रीय अ‍ॅबोरिजिनल आरोग्य धोरणात आली. एका माणसाच्या शरीराचं बरं असणं पुरेसं नाही, सगळ्या समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक बरं असणं म्हणजे आरोग्य, असा तिचा आशय आहे. मला सुरुवातीला हे भाषणातलं वाक्य वाटलं होतं. मग दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातल्या न्गानाम्पा हेल्थ कौन्सिलचं काम कळलं.

१९८० च्या दशकात तिथले संचालक यांकुनित्जाटारा या अ‍ॅबोरिजिनल समाजातले एक गृहस्थ होते. १९५३ मध्ये ब्रिटिशांनी एमू फील्डला अणुचाचण्या केल्या तेव्हा काळं धुकं त्यांच्या वस्तीवर आलं होतं, आणि पुढे त्यांची दृष्टी गेली. ते आता नाहीत, आणि वाळवंटातल्या समाजांत गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. दवाखाना चांगला चालला होता, तरी तीच तीच माणसं पुन्हा आजारी पडून येत होती. त्यांनी एक डॉक्टर, एक वास्तुरचनाकार आणि एक पर्यावरण-आरोग्यातला माणूस अशा तिघांना बसवून सांगितलं, लोक आजारीच पडू नयेत असं काही करा. १९८७ च्या त्यांच्या अहवालात नऊ साध्या गोष्टी आल्या. पहिली म्हणजे लहान मुलाला रोज अंघोळ घालता आली पाहिजे. मग कपडे धुता आले पाहिजेत, सांडपाणी वाहून गेलं पाहिजे, स्वयंपाक करता आला पाहिजे, असं करत यादी पुढे जाते. मग त्यांनी घराघरात जाऊन नळ सोडून पाहिले, शॉवर चालतो का, विजेचा धक्का बसतो का हे तपासलं, आणि त्याच दिवशी दुरुस्तीही सुरू केली. पुढे देशभर हजारो घरांत ही पद्धत वापरली गेली आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. 'हे लोक घरं मोडून टाकतात' असं सगळे म्हणायचे; प्रत्यक्षात रहिवाशांमुळे झालेली मोडतोड दहात एकापेक्षाही कमी होती. बाकी सगळं निकृष्ट बांधकाम आणि देखभालीचा अभाव. ही तपासणी सरकारी गृहनिर्माण खात्याने केली नाही, एका दवाखान्याने केली. समाजाचा ताबा नसता तर 'घरं हा आमचा विषय नाही' असं म्हणून तो दवाखाना खरजेचं मलम देत राहिला असता.

दुसरी गोष्ट डायलिसिसची. ही मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटरवर किंटोर नावाचं पिंटुपी लोकांचं गाव आहे. त्याच्याही पुढे, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत, किविरकुरा आहे. किडन्या निकामी झाल्या की माणसाला आठवड्यातून तीनदा मशीन लागतं, आणि मशीन फक्त शहरात. म्हणजे गाव, जमीन, नातवंडं, विधी, सगळं मागे टाकून अ‍ॅलिस स्प्रिंग्जला कायमचं राहायचं. कित्येक जण उपचार सोडून घरी मरायला परत जात. आणि वृद्ध माणसं गेली की गाण्यांचं, जागांचं ज्ञान पुढच्या पिढीला द्यायला कोणी उरत नसे. लोकांनी गावात डायलिसिस मागितलं तेव्हा उत्तर मिळालं की ते शक्य नाही, परवडत नाही. पिंटुपी चित्रकारांनी मोठमोठे कॅनव्हास एकत्र बसून रंगवले. काही स्त्रियांनी, काही पुरुषांनी. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. त्या पैशातून संस्था निघाली, आणि २००४ मध्ये किंटोरमध्ये पहिलं डायलिसिस झालं. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये तिचं घर जांभळ्या रंगाचं, म्हणून तिला सगळे 'पर्पल हाउस' म्हणतात. मग डायलिसिसची खुर्ची बसवलेला जांभळा ट्रकही आला, तो माणसांना सणाला, अंत्यविधीला, घरी घेऊन जातो.

या गोष्टीचा शेवट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मेडिकेअरने अतिदुर्गम भागातल्या डायलिसिससाठी स्वतंत्र शुल्क क्रमांक आणला, म्हणजे प्रत्येक सत्राला सरकारी पैसे मिळू लागले. १८ वर्षं लागली. लोकांनी आधी आपल्या पैशाने करून दाखवलं, आकडे ठेवले, मग धोरण त्यांच्या मागे आलं. या क्षेत्रातली बरीचशी प्रगती याच क्रमाने झालेली मी पाहिली आहे. म्हणून कोणी 'सरकारने अमुक योजना आणली' असं सांगितलं की मी विचारते, ही आधी कोणी करून दाखवली होती?

आता भागीदारीविषयी. माझ्या मते चांगल्या भागीदारीचं सगळ्यात ठोस उदाहरण ब्रिस्बेनमधलं बाळंतपणाचं आहे. २०१३ मध्ये दोन समाज-नियंत्रित संस्था आणि मेटर मदर्स हॉस्पिटल एकत्र आले. 'बर्थिंग इन अवर कम्युनिटी' हे त्याचं नाव. प्रत्येक गरोदर बाईला तिची एक ठरलेली सुईण, म्हणजे मिडवाइफ, रात्री-बेरात्री फोन केला तरी तीच. तपासण्या रुग्णालयात नाहीत, समाजाच्या स्वतःच्या केंद्रात. सोबत अ‍ॅबोरिजिनल कुटुंब-सहायिका, न्यायला-आणायला गाडी, घरभाड्यापासून घरातल्या मारहाणीपर्यंत कशाचीही मदत. प्रसूती रुग्णालयात, पण सोबत ओळखीची माणसं. निर्णय घेणाऱ्या समितीत तिन्ही संस्था. २०२१ मध्ये 'लान्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये अभ्यास छापून आला. नेहमीच्या सेवेत असलेल्या बायकांच्या तुलनेत मुदतीआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी, तपासण्यांना येणं जास्त, स्तनपान जास्त. तुम्ही नवजात अतिदक्षता विभागात काम केलं असेल तर ३८ टक्के म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कोणतंही नवं औषध किंवा यंत्र यात नाही. रुग्णालयाने आपला काही अधिकार सोडला, एवढंच नवं होतं. ते सोपं नव्हतं. कारण अधिकार सोडायचा म्हणजे आपल्या सुईणींच्या कामाची वेळ, जागा आणि पद्धत दुसऱ्या संस्थेसोबत बसून ठरवायची.

याच्या उलट अनुभवही सांगते. मी पूर्वी जिथे होते तिथे एका मोठ्या रुग्णालयाशी आमचा सामंजस्य करार झाला. ज्येष्ठ मंडळींनी धूर करून स्वागत केलं, सह्या झाल्या, फोटो निघाले. पुढच्या सहा महिन्यांत डिस्चार्ज कार्ड पूर्वीइतक्याच उशिरा येत राहिली. एका रात्री आमच्या एका वृद्ध रुग्णाला हृदयाच्या वॉर्डातून सोडलं, खिशात पैसे नाहीत, फोन नाही, घर दोनशे किलोमीटर दूर. सकाळी आमच्या ड्रायव्हरला ते बसथांब्यावर बसलेले सापडले. कोणी वाईट वागलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या यादीतलं काम केलं होतं. यादीच अशी होती की 'हा माणूस घरी कसा जाणार' हा प्रश्न त्यात नव्हता.

आमच्या सीईओने करार बाजूला ठेवला आणि तीन गोष्टी मागितल्या. आमची हेल्थ वर्कर रोज सकाळी वॉर्डात फिरेल आणि तिला रुग्णांची यादी मिळेल. डिस्चार्ज ठरवायच्या आदल्या दिवशी आम्हाला फोन येईल. आणि दर महिन्याला 'डामा' झालेल्या, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता निघून गेलेल्या, प्रत्येक रुग्णावर दोन्हीकडची माणसं एकत्र बसतील. आपल्याकडे वॉर्डात 'पेशंट डामा गेला' म्हणतात आणि फाइल मिटते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल रुग्णांमध्ये असं निघून जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. त्या मासिक बैठकीत कारणं बाहेर आली: घरी मयत झाली होती, मूल एकटं होतं, शेजारच्या खाटेवरची व्यक्ती अशा नात्यातली होती की जिच्यासमोर असणं रीतीला धरून नाही, कोणीतरी तुच्छतेने बोललं होतं. चौथं कारण सगळ्यात जास्त वेळा आलं. ते रुग्णालयाच्या माणसांनी आमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वतःच्या कागदावर वाचलं, तेव्हा वागणं बदलायला लागलं. भागीदारी खरी की खोटी हे तुम्हाला ओळखायचं असेल तर एवढंच विचारा: आकडे कोणाकडे आहेत, आणि बैठक कोण बोलावू शकतं?

पैशाची बाजू थोडक्यात. या संस्था मेडिकेअरचं शुल्क रुग्णाकडून एक पैसाही न घेता थेट सरकारकडून घेतात. १९९५ मध्ये अ‍ॅबोरिजिनल आरोग्याची जबाबदारी केंद्रीय आरोग्य खात्याकडे आली, त्यानंतर अनुदान वाढलं. पण ते छोट्या छोट्या तुकड्यांत येतं. धूम्रपानासाठी वेगळं, कानासाठी वेगळं, आणि प्रत्येकाचा अहवाल वेगळा. मी पाहिलेल्या चांगल्या सीईओंचा अर्धा वेळ अहवालांत जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताबा दिला म्हणजे सगळं आपोआप चांगलं होतं असंही नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नॉर्दर्न टेरिटरीत एकत्रित निधीचे, म्हणजे तुकड्यांतलं अनुदान एकत्र करून समाजाच्या मंडळाच्या हाती देण्याचे, प्रयोग झाले. तिवी बेटांवरचं आरोग्य मंडळ २००३ मध्ये आर्थिक अडचणीत कोसळलं आणि सेवा परत सरकारकडे गेली. त्याच काळात १९९८ मध्ये स्थापन झालेलं कॅथरिन वेस्ट हेल्थ बोर्ड आजही चालतं. सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा मुलूख, आणि माणसं जेमतेम काही हजार. पैशाचं नियोजन, लेखापरीक्षण, मंडळाच्या सदस्यांचं प्रशिक्षण या कंटाळवाण्या गोष्टींना पर्याय नाही. पण मोठी सरकारी रुग्णालयंही तोट्यात जातात, तेव्हा कोणी 'डॉक्टरांना रुग्णालय चालवता येत नाही' असं म्हणत नाही. एका समाजाचं मंडळ बुडालं की मात्र सगळ्या समाजांच्या क्षमतेवर प्रश्न येतो. हा अन्याय तुम्हालाही बोलण्याबोलण्यात ऐकू येईल.

कोरोनाच्या वेळी या संस्थांनी काय केलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. मार्च २०२० मध्येच दुर्गम वस्त्यांनी आपले रस्ते बाहेरच्यांना बंद केले, आपापल्या भाषांत संदेश केले, म्हाताऱ्यांना घरी जेवण पोचवलं. २०२० या सबंध वर्षात कोरोनाने एकही अ‍ॅबोरिजिनल माणूस गेला नाही, आणि हे त्या लोकांत ज्यांना मधुमेह आणि फुप्फुसांचे आजार सगळ्यात जास्त. ऑगस्ट २०२१ मध्ये डेल्टा लाट न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम भागात, डार्लिंग नदीकाठच्या विलकॅनियासारख्या गावांत शिरली, तेव्हा लसीकरण मागे राहिलेलं होतं आणि एका घरात दहा-बारा माणसं राहत होती. विलगीकरण करायचं कुठे? पुन्हा घरांपाशीच येऊन थांबलो.

मग पन्नास वर्षांत सुधारलं का? २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली आणि एका पिढीत आयुर्मानातली दरी बुजवायचं वचन सरकारने दिलं. बारा वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, नवा राष्ट्रीय करार झाला. त्यात पहिल्यांदा अ‍ॅबोरिजिनल संस्थांची आघाडी सरकारच्या बरोबरीने सही करणारा पक्ष होती, आणि त्या वाटाघाटींत नॅचोच्या तेव्हाच्या सीईओ पॅट टर्नर पुढे होत्या. करारात चार मूळ बदल मागितले आहेत: निर्णयात वाटा, समाजाच्या संस्था बळकट करणं, सरकारी खात्यांनी स्वतः बदलणं, आणि आकडेवारी लोकांच्या हाती देणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या तिथल्या स्वतंत्र सरकारी सल्लागार संस्थेने तपासून सांगितलं की सरकारांनी बरंचसं काम जुन्याच पद्धतीने चालू ठेवलं आहे. २०२०-२२ च्या अधिकृत आकड्यांनुसार अ‍ॅबोरिजिनल पुरुषांचं आयुर्मान ७१.९ वर्षं आणि स्त्रियांचं ७५.६. बाकीच्या देशापेक्षा पुरुष ८.८ आणि स्त्रिया ८.१ वर्षं मागे. करारात ठरलेल्या २०३१ पर्यंत ही दरी बुजणार नाही, हे मला स्वच्छ दिसतं. तरीही मी प्रगती झाली म्हणते, कारण १९७१ मध्ये ज्यांच्याकडे एक गाळा होता त्यांच्याकडे आज स्वतःचे डॉक्टर आहेत. पहिल्या अ‍ॅबोरिजिनल डॉक्टर, हेलन मिलरॉय, १९८३ मध्ये पदवीधर झाल्या. आज आमच्या दवाखान्यात शिकायला येणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत दरवर्षी कोणीतरी त्याच गावचं असतं.

तुमच्या उपयोगाविषयी. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला मेडिकेअरकडून शुल्क घेता येण्याच्या क्रमांकासाठी साधारण दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करावं लागतं, म्हणून आपल्यापैकी बरेच जण इकडे येतात. अट संपायची वाट बघत राहणारा डॉक्टर लोकांना पहिल्या महिन्यात ओळखू येतो. पण तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी सिडनीत शिकलेल्या कित्येकांकडे नसते: तुम्ही संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा ऐकल्या आहेत. आपल्या सरकारी रुग्णालयात मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याचा, आवाज प्रत्येक विद्यार्थ्याला कान लावून शिकवतात. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला, पण अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांत तो अजून आहे. नॉर्दर्न टेरिटरीतल्या अर्नहेम लँडमधल्या मानिंग्रिडा इथे २०१८ मध्ये शाळकरी मुलांची इको तपासणी झाली, तेव्हा साधारण वीस मुलांमागे एकाला हा आजार निघाला. गर्दीची घरं, बंद पडलेले शॉवर, खरूज, तिच्यावर स्ट्रेप जंतूंची जखम, मग ताप, मग सांधे, मग हृदय. दर २८ दिवसांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन, आपल्या पेनिड्युरसारखंच, वर्षानुवर्षं. तुम्ही गुडघा सुजलेल्या मुलाकडे बघून 'खेळताना लागलं असेल' म्हणून सोडून देणार नाही, आणि तेवढ्यानेही एखादं हृदय वाचेल.

आणि एक गोष्ट सोबत आणू नका. एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, म्हणजे बंधपत्राच्या, वर्षी मी मेळघाटात होते. कोरकू बाई सुकलेलं बाळ घेऊन आली की मी आधी विचारायचे, 'इतक्या उशिरा का आणलंस?' ती काही बोलायची नाही. मला वाटायचं तिला कळत नाही. पुष्कळ वर्षांनी, टेरिटरीत, माझ्याच दवाखान्यातल्या एका हेल्थ वर्करने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझा पहिला प्रश्न ऐकला की लोक आतून दार लावून घेतात. त्या रात्री मला मेळघाटातले चेहरे आठवले. आता माझा पहिला प्रश्न असतो, 'कुठून आलात, कोणाच्या घरचे?' इथे ही विचारपूस फार मोलाची आहे. 'तुझे लोक कोण?' असं तेही तुम्हाला विचारतील. आपल्याकडे आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा जात शोधायची असते, त्यामुळे आपण बिचकतो. इथे नातं शोधायचं असतं. तुमच्या गावाचं नाव सांगा, नदीचं सांगा, आजीचं सांगा.

मोठ्यांना 'आंटी', 'अंकल' म्हणा, पण त्यांच्या माणसांनी तशी ओळख करून दिल्यावर. शांतता भरून काढायची घाई करू नका. 'हो, डॉक्टर' याचा अर्थ 'कळलं' असा धरू नका; बऱ्याचदा त्याचा अर्थ 'आता मला जाऊ द्या' असतो. बायकांच्या तपासणीचे विषय बायकांकडे सोपवा, पुरुषांचे पुरुषांकडे. गावात मयत झाली, ज्याला ते 'सॉरी बिझनेस' म्हणतात, की क्लिनिक रिकामं राहील. त्या दिवशी अपॉइंटमेंट चुकवल्याची नोंद कोणाच्या नावावर करू नका. आणि त्यांना सरसकट एकच 'आदिवासी' समजू नका. युरोपीय आले तेव्हा इथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या. तुम्ही ज्या जमिनीवर राहाल ती विराजुरी की गमिलाराय की बार्किंजी, हे पहिल्याच दिवशी माहीत असलं पाहिजे.

मुलाखतीत तेही तुम्हाला पारखतील, तुम्हीही काही विचारा. मंडळावर कोण आहे? हेल्थ वर्कर किती, आणि किती वर्षांपासून? आधीचे डॉक्टर किती काळ टिकले? तुम्हाला रीतभात समजावणारा एखादा ज्येष्ठ माणूस नेमून देतील का? मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागून घ्या आणि जाताना विमानात वाचा. कमीत कमी तीन वर्षं राहायची तयारी असेल तरच हो म्हणा, कारण पहिल्या वर्षी लोक तुम्हाला फक्त खोकला दाखवतील, बाकीचं नंतर.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सकाळी सातला ड्रायव्हरच्या शेजारी बसून गाडीची एक पूर्ण फेरी करा. कोणाच्या दाराशी हॉर्न वाजवायचा, कोणाच्या दाराशी उतरून हाक मारायची आणि कोणाकडे आज जायचं नाही, हे तो तुम्हाला न विचारता सांगेल.